मामा-भाचा आणि दोन एअर फिल्टर: डिचोलीतले एक प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात खाणपट्ट्याला लागून असलेल्या एका गावात हे मामा-भाचा राहतात. घरे समोरासमोर. दोघांचाही धंदा टॅक्सीचा आणि दोघांची गाडीही एकच: एकाच मॉडेलची, एकाच वर्षाची, १२४८ सीसी टर्बो डिझेल इंजिनाची सेडान. मामांनी आधी घेतली, त्यांचे बघून चार महिन्यांनी भाच्याने घेतली. वर्षाला पस्तीस हजार किलोमीटरच्या आसपास धाव. मोपा विमानतळ, पणजी, किनाऱ्यावरची हॉटेले आणि महिन्यातून चार-पाच वेळा चोर्ला घाट चढून बेळगाव. दोन्ही गाड्या पहिल्यापासून साखळीजवळच्या माझ्या गॅरेजात येतात. नावांची गरज नाही. मामा आणि भाचा एवढे पुरे.

एकसारख्या दोन गाड्या, रस्ते तेच, मेकॅनिक तोच आणि फरक तेवढा इंजिनाची हवा गाळणाऱ्या एअर फिल्टरचा, असा योग सहसा जुळून येत नाही. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

आमच्याकडची धूळ म्हणजे काय, हे फक्त किनाऱ्यावरून गोवा पाहून गेलेल्याला कळायचे नाही. पाऊस थांबून पंधरा दिवस झाले की रस्त्याकडेच्या काजूची पाने विटकरी होतात. जांभ्याची माती, त्यात लोहखनिजाची पूड आणि गारेचे बारीक कण. २०२२ च्या लिलावांनंतर खाणी पुन्हा हळूहळू हलू लागल्या आणि टिप्पर परत रस्त्यावर आले. पणजीच्या वाटेवर पर्वरीतल्या उन्नत मार्गाच्या कामाने आपली भर घातली. ही धूळ काचेवर बसते तोवर पुसता येते. इंजिनात गेली की ती पॉलिशपेपरचे काम करते, कारण गारेचा कण सिलिंडरच्या बिडाहून कठीण असतो.

आणि इंजिन हवा किती ओढते, याचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. दोन फेऱ्यांत एकदा ते आपल्या मापाइतकी हवा आत घेते. म्हणजे दोन हजार आरपीएमला मिनिटाला १२४८ लिटर, तासाला जवळजवळ ७५ घनमीटर. टर्बो, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारा पंखा, दाब देऊ लागला की त्याहून बरीच जास्त. मोपा ते पणजी एवढ्या फेरीत एका खोलीभर हवेचे काम भागत नाही.

मामांचा पूर्वेतिहास इथे सांगायलाच हवा, कारण पुढे तो कामाला येतो. मामा मूळचे टिप्परवाले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. मग फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चमध्ये परत सगळे ठप्प. मामांचा टिप्पर आधी अंगणात उभा राहिला, त्यावर भोपळ्याचा वेल चढला, आणि शेवटी तो भंगाराच्या भावाने गेला. त्यानंतर ही टॅक्सी. गाडी बदलली, पण हाताच्या सवयी टिप्परच्याच राहिल्या.

भाच्याने एका ऑक्टोबरात, सीझन सुरू होण्याच्या तोंडावर, तेलाचा धुण्याजोगा फिल्टर आणला. सुती जाळीचे थर, त्यांना दोन्ही अंगांनी अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा आधार आणि सगळ्यावर लाल चिकट तेल. ही जातकुळी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावी सुरू झालेल्या केअँडएनने जगभर ओळखीची केली. भाच्याचा फिल्टर दुसऱ्याच मेकचा होता, घडण मात्र तीच. किंमत ५,२०० रुपये, धुण्याच्या किटचे १,७०० वेगळे. कंपनीचा कागदी फिल्टर तेव्हा ३८० ला मिळत होता. विकणाऱ्याने तीन गोष्टी सांगितल्या होत्या: गाडी विकाल तोवर चालेल, पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेज लिटरमागे दोन-तीन किलोमीटरने वाढेल.

मामांनी तो हातात घेऊन उजेडात धरला. जाळीतून सूर्य दिसत होता. म्हणाले, "मच्छरदाणी आहे ही. मच्छर अडेल, पीठ कसे अडणार?"

यात मामा अर्धे बरोबर होते. सुकी जाळी बारीक धूळ फारशी अडवत नाही. धूळ धरते ते तेल. तेल जागेवर आहे तोवरच तो फिल्टर, नाही तर नुसती जाळी.

अडचण

पुढच्या ऑगस्टमध्ये, चवथीला तीन आठवडे असताना, भाचा गाडी घेऊन आला. बेळगावला जाताना चोर्ल्याच्या चढणीवर गाडीचा दम जात होता. तिसऱ्यात ओढत नाही, दुसऱ्यात टाकावी लागते, मागून बस येऊन हॉर्न मारते. धूर फारसा नाही. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला. त्याने एका ठिकाणी दाखवली होती. तिथे न उघडताच टर्बो गेला म्हणून सांगितले आणि जो आकडा ऐकवला त्याने त्याची झोप उडाली होती.

चवथीला मुंबई-पुण्याहून गावी येणारी माणसे मोपाला उतरतात. ते आठ दिवस गाडी उभी ठेवणे त्याला परवडणारे नव्हते.

तपास

पहिला प्रश्न होता सुरुवात कुठून करायची. टर्बो उतरवायचा तर दिवस जातो. हवेच्या वाटेने आत जात राहिलो तर पहिले अर्धे काम दहा मिनिटांचे. मी एअर फिल्टरचा बॉक्स उघडला.

फिल्टर ओला होता. पाण्याने नव्हे, तेलाने. खालच्या घड्यांत तेल साचून थेंब धरला होता आणि बॉक्सच्या तळाशी तेलकट डाग. विचारल्यावर हळूहळू हकिकत बाहेर आली.

पहिली धुलाई जानेवारीत झाली होती, किटमधल्या कागदावर लिहिले होते तशी. औषध मारायचे, दहा मिनिटे थांबायचे, आतल्या बाजूने बाहेर हलक्या धारेने पाणी सोडायचे, सावलीत वाळवायचे, मग घडीघडीला तेल आणि वीस मिनिटांनी जिथे पांढरे दिसेल तिथे पुन्हा थोडे. जानेवारीत संध्याकाळपर्यंत वाळला. दुसरी धुलाई जुलैत. गोव्यात जुलैत चड्डी-बनियान तीन दिवस दोरीवर आंबते, तिथे सुती जाळीच्या घड्या कुठून वाळणार? पडवीत टांगून दीड दिवस झाला आणि मोपाचे भाडे आले. दमट फिल्टरवरच तेल द्यायला घेतले, तर किटमधली बाटली निम्म्यात संपली. मग कोपऱ्यात उरलेले इंजिन ऑइल हाताशी होते.

"तेल ते तेल, मेस्त," भाचा म्हणाला.

तसे नसते. फिल्टरचे तेल मुद्दाम चिकट केलेले असते, ते धाग्याला धरून बसते. इंजिन ऑइल वाहते, आणि इंजिन हवा ओढू लागले की त्याचे बारीक तुषार हवेबरोबर आत निघतात. फिल्टरच्या पुढे, पाइपातच, एअर फ्लो सेन्सर असतो. त्यात एक तापवलेली बारीक पट्टी असते. वरून जाणारी हवा तिला थंड करते. तिचे तापमान टिकवायला किती वीज लागते त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हवा मोजतो. त्या पट्टीवर तेल आणि धुळीचा लेप बसला की ती नीट थंड होत नाही आणि हवा खरोखर आहे त्यापेक्षा कमी भासते. हवा कमी दिसली की ईसीयू धूर होऊ नये म्हणून डिझेल आवरते. गाडीचा दम गेला तो असा.

स्कॅनरवर पी०१०१ हाच कोड होता, एअर फ्लोचे वाचन पल्ल्याबाहेर. कोड आला म्हणजे सेन्सरच खराब असे होत नाही. पाइप फाटला असेल तरी हा कोड येतो. इथे जुळ्या गाडीचा फायदा झाला. मामांना फोन करून गाडी मागवली, दोन्ही शेजारी उभ्या केल्या, गरम इंजिन, एसी बंद, आणि स्कॅनरवर आकडे बघितले. भाच्याच्या गाडीची हवा मामांच्या गाडीपेक्षा बरीच खाली. सेन्सर काढून त्यासाठीचाच स्प्रे मारला, पट्टीला बोट वा कापूस न लावता. सुकल्यावर परत बसवला तर दोन आकड्यांत फारसा फरक उरला नाही. टर्बोला हात लावावा लागला नाही.

प्रकरण इथे संपले असते. पण भाच्याने विचारले, "आत धूळ गेलीय का ते कसे कळणार?"

मी खिशातला पांढरा रुमाल बोटाला गुंडाळला आणि फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे स्वच्छ बाजूच्या पाइपात फिरवला. रुमाल लाल झाला. पण लाल कशाने? पहिल्या वेळचे फिल्टरचे तेलही लाल आणि आमची मातीही लाल. चिमटीत चोळून पाहिले तर कचकच लागते असे मला वाटले, भाच्याला वाटले नाही. मग स्टीलच्या वाटीत चमचाभर पेट्रोल घेतले आणि रुमालाचे ते टोक त्यात खळबळवले. तेल विरघळून पेट्रोलला गुलाबी झाक आली. वाटी जरा वेळ स्थिर ठेवून कलती केली तेव्हा तळाला राहिली ती नखाएवढी, कुंकवासारखी रेघ. ती विरघळणारी नव्हती. भाचा बराच वेळ त्या वाटीकडे बघत होता.

मामा मागे उभे होते. "मी सांगितले होते," एवढेच म्हणाले.

त्यांना बरे वाटावे म्हणून नव्हे, तुलनेसाठी, मी रुमालाचे दुसरे टोक त्यांच्या गाडीच्या पाइपात फिरवले. कागदी फिल्टर, वर्षानुवर्षे वेळच्या वेळी बदललेला. रुमाल स्वच्छ निघायला हवा होता. तोही लाल निघाला.

फरक होता तो लालीच्या ठेवणीत. भाच्याच्या पाइपात पातळ थर सगळीकडे सारखा होता. याचा अर्थ धूळ फिल्टरच्या अंगातून आली. मामांच्या गाडीत फिल्टरच्या पुढची जागा तीन बाजूंनी लख्ख आणि चौथ्या बाजूच्या कडेपासून एक धारदार पट्टा, जणू कोणी लाल खडूने रेघ ओढली आहे. म्हणजे कागदातून काही गेले नव्हते, कडेच्या फटीतून गेले होते. बॉक्सच्या चार क्लिपांपैकी एक तुटलेली होती आणि तिथे मामांनी तार पिरगाळून बसवली होती. झाकण तिथे केसभर उचललेले.

क्लिप का तुटली? मामा दर आठ-दहा दिवसांनी बॉक्स उघडून फिल्टरला हवा मारायचे. टायरवाल्याकडे, शंभर पौंडांच्या वरच्या दाबाने, नळी अगदी कागदाला लावून. टिप्परला हेच करायचे. टिप्परच्या बाहेरच्या मोठ्या फिल्टरच्या आत आणखी एक छोटा सेफ्टी फिल्टर असतो. हवा मारताना बाहेरचा कागद फाटला, कडेला नीट बसला नाही, तरी आतला राखण करतो. गाडीला तो दुसरा राखणदार नाही. टिप्परमध्ये चालून गेलेली सवय इथे वर्षभर फट उघडी ठेवून होती. मामांचा फिल्टर उजेडात धरला तेव्हा दोन घड्यांच्या टोकाला टाचणीएवढे उजेडाचे ठिपकेही दिसले. या वेळी मामा काही बोलले नाहीत.

पर्याय

भाच्याला चवथीआधी गाडी हवी होती, त्यामुळे तेव्हाचा निर्णय सोपा होता: सेन्सर साफ, नवा कागदी फिल्टर, गाडी रस्त्यावर. खरा प्रश्न पाऊस सरल्यानंतरचा, धुळीच्या सात-आठ महिन्यांचा. त्यावर आम्ही तिघे एका रविवारी बसलो.

तेलाचाच फिल्टर नीट वापरणे हा पहिला पर्याय. त्याच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही असे नव्हे. हवा मोकळी जाते, पावसाळी दमटपणाचे त्याला वावडे नाही, आणि जिथे इंजिनातून शेवटचा दम काढायचा असतो आणि प्रत्येक फेरीनंतर कोणीतरी इंजिन उघडून बघणार असते, तिथे तो शोभतो. पण मग किट जवळ हवे, धुऊन वाळेपर्यंत घालायला दुसरा फिल्टर हवा आणि तेल तोलून देणारा हात हवा. टॅक्सीवाल्याच्या वेळापत्रकात यातले काय बसते ते जुलैने दाखवले होते.

पैशाचा हिशेब भाच्याने स्वतः मोबाइलवर केला. फिल्टर आणि किट मिळून ६,९०० रुपये, म्हणजे १८ कागदी फिल्टर. धुळीमुळे दर दहा हजारांना बदलला तरी १८ फिल्टर १,८०,००० किलोमीटर जातात. त्याच्या धावेने पाच वर्षांहून जास्त. तोवर किटच्या बाटल्या वेगळ्या आणि वाळत घातलेल्या दिवसांची बुडालेली भाडी वेगळी.

अ‍ॅव्हरेजचे म्हणाल तर भाचा टाकी फुल करून डायरीत लिहिणारा मुलगा आहे. फिल्टर बदलायच्या आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने काढून पाहिले, लिटरमागे साडेएकोणीसच्या आगेमागे दोन्हीकडे. हे असेच व्हायचे. ओक रिज या अमेरिकी सरकारच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून पाहिले, तेव्हा पिकअप घटला पण इंधनाच्या खपात नाव घेण्याजोगा फरक पडला नाही. अशा गाड्यांत ईसीयू हवेच्या मापाने इंधन सोडतो. कार्बोरेटरच्या जमान्यात तुंबलेला फिल्टर पेट्रोल पीत असे, ती म्हण लोकांच्या तोंडी राहिली. आणि तुंबलेल्या फिल्टरने जर अ‍ॅव्हरेज पडत नसेल, तर नव्या कागदाच्या जागी जाळी घालून ते वाढणार कुठून?

स्वस्त कागदी फिल्टर हाही पर्याय मांडला गेला. पेठेत तेव्हा दीडशेला मिळत होता. मी कंपनीचा आणि तो शेजारी ठेवून घड्या मोजल्या. स्वस्तात बऱ्याच कमी. घड्या कमी म्हणजे कागदाचे क्षेत्र कमी, म्हणजे लवकर भरणार. त्याहून वाईट म्हणजे कडेचे रबर. कंपनीच्या फिल्टरचे रबर दाबले की परत फुगते, याचे दाबल्यावर बोटाचा ठसा राहिला. मामांच्या गाडीतली फट पाहिल्यानंतर या पर्यायावर कोणी वाद घातला नाही.

टिप्परसारखा फिल्टर भरल्याचे दाखवणारा इंडिकेटर पाइपात बसवावा असे मामांनी सुचवले. कल्पना चांगली, पण त्यासाठी स्वच्छ बाजूच्या पाइपाला भोक पाडावे लागते. धूळ आत जाऊ नये म्हणून चाललेल्या खटाटोपात स्वच्छ बाजूला नवे भोक, हे मला पटले नाही. उगाच हात दाखवून अवलक्षण.

राहिला तो कंपनीचा कागदी फिल्टर. नव्या कागदावर पहिले काही दिवस धूळ बसते तो थरच पुढची बारीक धूळ अडवायला मदत करतो, त्यामुळे कागद जसा वापरात येतो तसा आणखी चांगला गाळतो. किंमत म्हणून हवा हळूहळू अडते. जाळीचे दुसरे टोक: सुरुवातीला हवा मोकळी, पण बारीक धुळीला वाट जास्त. फिल्टर तपासायची आयएसओ ५०११ नावाची जागतिक पद्धत आहे, तिच्यात ठरावीक धूळ सोडून किती अडली आणि हवेला किती अडथळा झाला हे मोजतात. जाहिरातीत त्यातला एकच आकडा येतो. आणि ९९ टक्के व ९७ टक्के हे आकडे कानाला शेजारी-शेजारी वाटतात. पण इंजिनाला अडलेल्या धुळीशी काही घेणेदेणे नाही, गेलेल्या धुळीशी आहे. शंभरातला एक कण गेला की तीन गेले, म्हणजे तिप्पट.

निर्णय आणि कृती

दोन्ही गाड्यांना कंपनीचाच कागदी फिल्टर, असे ठरले. किती किलोमीटरला बदलायचा, यावर मात्र मामा आणि माझ्यात जुंपली. सर्व्हिसच्या पुस्तिकेत धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळा, लवकरचा तक्ता असतो, पण तो कोणी उलटून बघत नाही. मामांचे म्हणणे, काळा दिसला की बदलायचा. पण रंगावरून काही कळत नाही. आमच्याकडे फिल्टर हजार किलोमीटरलाच विटकरी दिसतो, तेव्हा तो तुंबलेला नसतो, कामाला लागलेला असतो.

शेवटी वजनावर आलो. गॅरेजशेजारच्या किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आहे. नोव्हेंबरच्या मध्याला भाच्याच्या गाडीचा नवा फिल्टर तोलला: २१२ ग्रॅम. पाच हजार किलोमीटरनंतर २३९. दहा हजारांनंतर २७१. दुकानदार दर वेळी विचारायचा, याला भाव काय लावू. (पावसाळ्यात हे करू नये, कागद ओल पितो आणि वजन खोटे दाखवतो.)

म्हणजे दहा हजार किलोमीटरमध्ये त्या कागदाने ५९ ग्रॅम धूळ धरली. मूठभर रव्याएवढी. वरचा हिशेब इथे लावला तर, शंभरात एक निसटत असेल तर अर्ध्या ग्रॅमहून थोडी जास्त आत गेली. शंभरात तीन असतील तर पावणेदोन ग्रॅमच्या वर. चिमूट आणि अर्धा चमचा यांतला फरक. तो अर्धा चमचा कोणी ऑइलच्या झाकणातून टाकायला आला तर मामा त्याला काठी घेऊन धावतील.

दहा हजारांपर्यंत फिल्टरचे वजन ज्या वेगाने वाढत होते ते पाहून आम्ही कोरड्या दिवसांत दहा हजार आणि एरवी पंधरा हजार असे ठरवले. मधल्या काळात बॉक्स उघडायचाच नाही. हवा मारणे बंद. ही शेवटची अट मामांना सगळ्यात जड गेली.

मामांच्या गाडीसाठी नुसती क्लिप मिळेना, म्हणून म्हापशाहून जुना पण सरळ बॉक्स आणला. बसवण्यापूर्वी कडेच्या खाचेत बोट फिरवले तर तिथेही पूर्वीच्या मालकाची माती. ती ओल्या फडक्याने काढली. फिल्टर बसवताना चारही कडा एकसारख्या बसल्या का ते पाहायला मी रबराच्या काठाला खडूची पूड लावली, झाकण दाबले, उघडले. समोर अखंड चौकोन उमटला तर फट नाही.

परिणाम

हे लिहितो आहे तो मे महिना. मधल्या काळात दोन्ही गाड्या सव्वीस-सत्तावीस हजार किलोमीटर धावल्या. पाइप पुसून कोरे केले होते. जानेवारीत आणि एप्रिलमध्ये पुन्हा रुमाल फिरवला. भाच्याच्या गाडीत रुमालावर फक्त हलकी काळसर तेलकट छटा, जी क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पेटीतल्या, वाफेची असते आणि दोन्ही गाड्यांत सारखीच आहे. मामांच्या गाडीत पट्टा परत उमटला नाही. पी०१०१ परत आला नाही. चोर्ला भाचा पुन्हा तिसऱ्यात चढतो.

सगळे पूर्ववत झाले असे मात्र नाही. भाच्याची गाडी आता दोन सर्व्हिसांच्या मध्ये अर्धा लिटर ऑइल मागते. मामांची त्याहून थोडे कमी. दोन्ही आधी मागत नव्हत्या. गेलेली धूळ पिस्टनच्या रिंगांवर आपले काम करून गेली.

पुन्हा करायचे झाले तर

पहिली चूक माझीच. ऑक्टोबरात भाच्याने नवा फिल्टर दाखवला तेव्हा मी हौस म्हणून सोडून दिले. त्याच दिवशी दोन्ही गाड्यांच्या ऑइलचा नमुना तपासायला पाठवला असता आणि पुढच्या सर्व्हिसला पुन्हा, तर सिलिकॉनचा, म्हणजे धुळीतल्या गारेचा, आकडा किती चढला ते कागदावर आले असते. नव्या ऑइलमध्येही फेस मारायच्या औषधापायी थोडे सिलिकॉन असते, म्हणून पहिला नमुना नसला की दुसऱ्याला अर्थ उरत नाही. आता रिंगा झिजल्या त्यात जाळीचा वाटा किती आणि वयाचा किती, हे वाटून देता येत नाही.

दुसरी, दहा-दहा दिवसांनी हवा मारताना मामांना मी पाहिले होते. बोललो नाही, कारण तीस वर्षे टिप्पर हाकलेल्या माणसाला फिल्टर काय शिकवायचा, असे वाटले. तार पिरगाळलेली क्लिपही नजरेखालून गेली असणार.

भाच्याची चूक जाळी घेण्यात नव्हती, असे मी अजून म्हणतो. जानेवारीतली धुलाई त्याने चोख केली होती. चुकले ते जुलैत, जेव्हा किट अर्धे आणि भाडे दारात होते. तेव्हा ३८० रुपयांचा एक कागदी फिल्टर डिकीत असता, तर जाळी आठवडाभर निवांत वाळली असती. हे मी त्याला ऑक्टोबरातच सांगायला हवे होते.

ती जाळी आता माझ्या गॅरेजात खिळ्याला टांगलेली आहे. कोणीतरी नवा गिऱ्हाईक विचारतोच की याचे काय. मग मी वाटी, रुमाल आणि पेट्रोल काढतो. परवा मामा गाडी सर्व्हिसला लावून बाहेर बाकावर बसले होते. शेजारच्या टायरवाल्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला तसे ते उठले, बॉनेटपर्यंत गेले, हात झाकणाच्या क्लिपवर ठेवला आणि माझ्याकडे बघितले. मी पाना खाली ठेवला नाही. ते परत येऊन बसले आणि म्हणाले, "किती झाले रे किलोमीटर?"

"सात हजार."

"मग तीन राहिले," म्हणाले, आणि चहा सांगितला.